दोन्हीकडून होकार

घरात तिला मुंगी म्हणत, कारण एकदा कामाला लागली की ती मान वर करत नसे. शाळेचं शेवटचं वर्ष होतं. आई लाँड्रीत इस्त्री करायची, आणि घरातलं कुणी आजवर कॉलेजात गेलं नव्हतं. अशा मुलांसाठी शाळेत एका संस्थेची ताई यायची. शाळा सुटल्यावर गणित घ्यायची, मुलाखतीत समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला शिकवायची, आणि दर शुक्रवारी प्रत्येकाला कुठे ना कुठे काम शिकायला धाडायची.

मुंगीच्या वाट्याला कवळ्या बनवण्याचं दुकान आलं. तळघरातली अरुंद खोली, प्लास्टरची धूळ, दिव्यावर वितळणारं मेण. फळीवर ओळीने मांडलेले जबडे बघून पहिल्या दिवशी तिला हसू आवरेना. पण मग हात बसला. मेणात एकेक दात बसवताना दुपार कशी सरायची, कळायचंही नाही.

शाळेचा निकाल चांगला लागला, आणि त्याच आठवड्यात दोन्हीकडून होकार आले. कॉलेजात विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला. दुकानाचे मालक, ज्यांना ती काका म्हणे, तेही म्हणाले, "पूर्ण वेळ ये. मला माणूस हवंच आहे. सोमवारी सांग."

तिने आईला विचारलं. आई शर्टाची कॉलर दाबत होती.

"तुझं तू ठरव बाई. मला त्यातलं काय कळतंय?"

"पण तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?" आई म्हणाली आणि त्याच दमात तिने विचारलं, "दुकानात बसून काम असतं ना?"

मुंगीने होकारार्थी मान हलवली. दिवसभर उभं राहून आईच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या होत्या.

कॉलर उलटवत आई पुटपुटली, "कॉलेजातही बसायलाच असतं म्हणा."

मुंगी आणखीच गोंधळली. ती ताईकडे गेली.

"मी दुकानात गेले तर तुम्ही रागवाल?"

"छे, रागवायचं काय त्यात? निर्णय तुझाच." ताई हसली, पण हसू जरा उशिरा आलं.

"आणि कॉलेजला गेले तर पुढे काय होईन?"

"ते तिथे गेल्यावर कळेल."

"नाही कळलं तर?"

ताईने टेबलावरचे खडू उगाच सरळ केले. "खरं सांगू? मीही काही ठरवून इथे आले नाही."

"हे वर्गात कधी बोलला नाहीत."

"वर्गात कसं बोलणार?"

मग मुंगीने मधला मार्ग काढला. कॉलेज करून संध्याकाळी आले तर चालेल का, असं तिने काकांना विचारलं. काका कवळी उजेडात धरून बघत होते.

"नाही जमायचं गं. दिवसभर हाताशी माणूस लागतं. तुला नसेल यायचं तर दुसरं कुणी बघेन. माझा राग नाही."

"माझ्या जागी तुम्ही असतात तर?"

"तुझ्या वयात मला कुणी विचारलंच नव्हतं," काका म्हणाले आणि कवळी घासायला लागले.

सोमवारी ती दुकानाच्या पायऱ्या उतरली तेव्हा हो म्हणायचं तिच्या मनात होतं. निदान तिला तसं वाटत होतं. दारात उभी राहिली आणि तोंडातून निघालं, "काका, मी कॉलेजला जाते." काकांनी मान डोलावली. ती भरभर वर आली, आणि घरी पोचेपर्यंत रडत होती.

"काय झालं?" आईने विचारलं.

"कॉलेज."

"मग रडतेस कशाला?"

"माहीत नाही."

"बरं. आधी जेव, मग रड," आई म्हणाली आणि ताट वाढताना तिचंच नाक लाल झालं.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी लांबच लांब व्हरांड्यातून फिरत मुंगी एका भरलेल्या वर्गात शिरली. सर मागणी आणि पुरवठा असं काहीतरी फळ्यावर लिहीत होते. तिने पानभर उतरवून घेतलं. त्यातलं अक्षरही डोक्यात शिरलं नाही. आपलं इथे काही खरं नाही, असं तिला वाटलं. शेवटी शेजारच्या मुलीला तिने हळूच विचारलं, "हा रसायनशास्त्राचाच तास ना?"

"अर्थशास्त्राचा आहे. मीही रसायनशास्त्रवालीच आहे."

"मग उठली का नाहीस?"

"तू इतकं भराभर लिहीत होतीस. मला वाटलं, मीच चुकतेय."

सरांची पाठ वळली तशा दोघी दप्तरं छातीशी धरून बाहेर पडल्या. व्हरांड्यात शेजारीण म्हणाली, "आता कुठे?"

"माहीत नाही," मुंगी म्हणाली. "या बाजूला विचारून बघू."