पहिला घोट

मी एक जुना तुंबा आहे आणि आज सूर्य मावळण्यापूर्वी मला फोडणार आहेत. तेव्हा मित्रांनो, नीट बसा आणि मध्ये बोलू नका.

घाना देशात, बोल्गाटांगाजवळच्या एका परसात, वेलीवर, मी वाढलो. आयिनपोकाच्या आईने मला उन्हात वाळवले, मधोमध चिरले, आतला गर खरवडून काढला आणि तापल्या सुरीने पाठीवर मगरीची नक्षी कोरली. लेक सासरी निघाली, तेव्हा सुतळीच्या जाळीत घालून आईने मला तिच्या हाती दिले. आमच्याकडे बाईचा तुंबा म्हणजे बाईचा जीव. ती आहे तोवर तो जपायचा. ती गेली की तोही फोडायचा.

सासरी माझा मान मोठा होता. पाहुणा आला की बाजरीचे पीठ कालवलेले पाणी माझ्यातूनच पुढे येई. तुंब्यात जे पडेल, त्याचा पहिला घोट घरातल्या वडील माणसाचा. मग वयाच्या क्रमाने इतरांचा, आणि सर्वांत शेवटी सुनेचा. या रीतीचा मला अभिमान होता, आजही आहे. वडिलांना मान द्यावा, यात वाईट काय? वाईट एवढेच झाले की ती रीत औषधालाही लावली गेली.

आयिनपोकाला लग्नानंतर कैक वर्षांनी दिवस गेले. दवाखान्यातल्या तेनी नर्सने तिला पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांची नळी दिली. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्वाच्या त्या गोळ्या होत्या.

"आपल्या खाण्यात दूध फार कमी," तेनी म्हणाली. "कॅल्शियम कमी पडलं की गरोदरपणात रक्तदाब चढायची भीती जास्त. झटके येतात, बाई. या तुझ्या गोळ्या, दुसऱ्या कुणाच्या नाहीत. आणि लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, मध्ये वेळ जाऊ दे."

घरी येऊन आयिनपोकाने माझ्यात पाणी ओतले आणि गोळी टाकली. माझ्या पोटात अशी गुदगुली कधीच झाली नव्हती.

"अगंबाई, चुलीशिवाय उकळतंय!" लामिसी, तिची सासू, ओरडली.

ओट्यावरून सासऱ्याने, अयामगाने, हात पुढे केला. "आण इकडे."

"बाबा, ते औषध आहे. माझं."

"औषध? मग आधी म्हाताऱ्याला नको का? गुडघे बघ माझे, दार उघडल्यासारखे करकरतात!"

सगळे हसले. आयिनपोका मात्र मला धरून उभीच राहिली. तेव्हा लामिसी म्हणाली, "दे गं. एकटीनं प्यायला तू काय रानात राहतेस?"

त्या दिवसापासून तोच क्रम पडला. सासरा पीत असे, मग सासू, मग दीर. संत्र्याच्या वासाचे ते पाणी सर्वांना आवडले. शेवटी मी तिच्या ओठांना लागत असे, तेव्हा माझ्या तळाशी थोडा केशरी फेस उरलेला असे. ती तो निमूट पिऊन मला धुऊन ठेवी. तिचा हात माझ्या पाठीवरून फिरे, तेव्हा मला वाटे, आता तरी बोलेल.

पुढे एका सकाळी अयामगा कंबर धरून अंगणात लोळू लागला. तेनीला बोलावणे गेले.

"बाबा, तुम्हाला पूर्वी मुतखडा झालेला," ती चिडून म्हणाली. "अशा माणसानं या गोळ्या विचारल्याशिवाय तोंडातसुद्धा घालू नयेत. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व, दोन्ही फाजील झाली तर खड्याला खतपाणीच. कुणी दिल्या तुम्हाला?"

"तुंब्यातून आल्या," म्हातारा कण्हत म्हणाला.

तेनीने वळून आयिनपोकाकडे पाहिले. तिचे पाय सुजले होते, चेहराही. "आणि तुझ्या वाट्याला काय आलं?"

"फेस," आयिनपोका म्हणाली.

तिचा रक्तदाब मोजताच तेनीचा चेहरा उतरला. मालवाहू तीनचाकीत घालून आयिनपोकाला इस्पितळात नेले. झटके आलेच. मुलगी जगली. आई परत आली नाही.

सगळ्या गोळ्या तिलाच मिळाल्या असत्या, तर ती वाचली असती का? ठाऊक नाही. धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, असे तेनीच सांगते. पण जे तिच्या हक्काचे होते ते माझ्याच काठावरून इतरांकडे गेले, हे मला ठाऊक आहे.

म्हणून बाळांनो, ऐकून ठेवा. भाकर वाटून खावी, पाणी वाटून प्यावे. औषध वाटू नये. ते मानाने मिळत नाही, गरजेने मिळते. एकाला तारते ते दुसऱ्याला बाधते. साध्या, गोड, फसफसणाऱ्या गोळीलाही हाच नियम.

आता अंगणात लोक जमले आहेत. लामिसीच्या मांडीवर नात झोपली आहे. अयामगा काठी टेकत आला आहे. रीतीप्रमाणे मला शेवटचे पीठपाणी भरून त्याच्या हाती दिले आहे. सारे त्याच्या पहिल्या घोटाची वाट पाहत आहेत.

तो मला ओठांशी नेत नाही. खाली वाकतो.

"आयिनपोका, पोरी," तो म्हणतो, "आज पहिला तुझा."

आणि तो मला जमिनीवर रिकामा करतो. तळाशी काहीच उरू देत नाही. मग दगड उचलतो.