तेरा नावांचा फळा

मी एक जुना फळा आहे. पण मित्रांनो, शाळेतला नव्हे. माझ्यावर कधी कुणी पाढे लिहिले नाहीत की सुविचार लिहिला नाही. अमेरिकेतल्या वाबॅश नदीकाठच्या एका कॉलेजात, बास्केटबॉलच्या कोचच्या खोलीत मी तीस वर्षं भिंतीवर होतो. पांढरा, पत्र्याचा, लोहचुंबक चिकटेल असा. माझ्या अंगावर तेरा पट्ट्या असायच्या आणि प्रत्येक पट्टीवर एका खेळाडूचं नाव. तेराच, कारण शिष्यवृत्त्या तेव्हा तेराच होत्या. ज्याची पट्टी माझ्यावर, त्याची फी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं कॉलेजकडे. पट्टी निघाली की तेही गेलं.

माझा जन्म ओहायोतल्या कारखान्यातला. मुलामा चढवून बाहेर काढलं तेव्हा मी इतका चकचकीत होतो, की मला खोक्यात भरणाऱ्या बाईंनी आधी माझ्यात बघून केस नीट केले. मग मी आलो एमेट स्ट्राउड नावाच्या म्हाताऱ्या कोचकडे. ते पट्ट्या स्वतःच्या हाताने लिहायचे आणि रोज सकाळी मला खिशातल्या रुमालाने पुसायचे. त्यांच्याकडे पट्टी एकदा लागली की चार वर्षं हलायची नाही. हार्लन गॉस नावाच्या खेळाडूचा गुडघा दुसऱ्याच वर्षी कायमचा कामातून गेला. कॉलेजला देणग्या देणारे एक गृहस्थ येऊन म्हणाले, "एमेट, त्या लंगड्याने फुकटची जागा अडवून ठेवलीय." कोच म्हणाले, "त्याच्या आईला मी पोराबद्दल शब्द दिलाय, गुडघ्याबद्दल नाही. कॉफी घेणार?" हार्लनची पट्टी राहिली. पाहुणे यायचे, ही गोष्ट ऐकायचे आणि माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मला वाटायचं, आपण फार भल्या घरी पडलो.

मग स्ट्राउड कोच निवृत्त झाले आणि गिल हॅनरटी आले. मित्रांनो, ते राक्षस नव्हते. मुलांची नावं त्यांना पाठ असायची, आजारी मुलाकडे सूप घेऊन स्वतः जायचे. पण त्याच सुमाराला नियम बदलला. पूर्वी एक कॉलेज सोडून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूला वर्षभर बाकावर बसावं लागे, ती अट उठली. त्यासाठी बदलीची एक यादी निघाली. खेळाडूने आपलं नाव त्या यादीत टाकायचं, की देशभरातले कोच ते बघणार. दर एप्रिलला बाजार भरू लागला. माझ्या उजव्या कडेला एक नवा रकाना आला, बाहेरून आणायच्या तयार खेळाडूंचा. डावीकडची नावं त्या रकान्याकडे बघत धास्तावलेली असायची, निदान मला तरी तसं वाटायचं.

डशॉन टिब्स आला तो याच काळात, इलिनॉयमधल्या केरो गावातून. सहायक कोच वेन्डल ओक्स यांनी त्याला घरी जाऊन हेरला होता. सोबत आई होती, व्हर्लीन टिब्स. त्या गावात शाळेची बस चालवायच्या. खुर्चीत ताठ बसून त्यांनी सरळ विचारलं, "आणि याच्याच्याने खेळणं नाही झालं तर?"

"चार वर्षं, मॅडम," हॅनरटी म्हणाले. "डिग्री हातात दिल्याशिवाय मी याला घरी पाठवणार नाही."

त्या क्षणी ते खरंच बोलत होते. मी समोरच होतो. व्हर्लीनबाई उठल्या, मुलाच्या पट्टीवर बोट फिरवून म्हणाल्या, "नाव तरी नीट लिहिलंय हो यांनी!" सगळे हसले.

डशॉन काही मोठा तारा झाला नाही. तो अंगावर धडक घ्यायचा, समोरच्या चांगल्या खेळाडूला जेरीस आणायचा आणि बास्केट दुसऱ्यांना करू द्यायचा. वर्तमानपत्रात त्याचं नाव क्वचित येई. त्याला गणिताचा मास्तर व्हायचं होतं. चौथ्या वर्षी त्याला कॉलेजच्या गावातल्याच एका शाळेत वर्षभर शिकवायचं होतं, वर्गही ठरला होता. ते एक वर्ष झालं की डिग्री. दुसऱ्या कॉलेजात गेला तर तिथे त्याचे निम्मे विषय धरलेच जाणार नव्हते. हे ओक्सना माहीत होतं, हॅनरटींना माहीत होतं आणि मलाही.

त्या वर्षी संघ सतरा सामने हरला. मार्चच्या अखेरीस एका सकाळी दोघे कोच माझ्यासमोर उभे राहिले. टेक्सासमधला एक सात फुटी खेळाडू, कोल्टन रीस, यायला तयार होता आणि माझ्यावर जागा नव्हती.

"टिब्स," हॅनरटी म्हणाले.

"गिल, त्याचं एकच वर्ष राहिलंय. त्याच्या आईला आपण..."

"मग तू नाव सांग. सांग ना! कुणाचं काढू?"

ओक्स माझ्यावरची तेराही नावं पुन्हा वरून खाली वाचू लागले.

"पुढच्या वर्षी असेच हरलो तर या खोलीत मी नसेन," हॅनरटी म्हणाले, "आणि तूही नसशील, वेन्डल." आणि त्यांनी डशॉनची पट्टी काढून तिथे रीसची लावली. दोन पावलं मागे जाऊन माझ्याकडे बघितलं. संघ त्यांना उंच वाटला असावा.

आता ऐका, यानंतर जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या खोलीत एक रीत पडून गेली होती. पट्टी आधी काढायची, आणि मुलाला बोलावलं की तेवढ्यापुरती परत लावायची. कारण आत येणारा प्रत्येक मुलगा पहिल्यांदा माझ्याकडेच बघतो. कॉलेजने स्वतः शिष्यवृत्ती काढली तर मुलाला समितीपुढे दाद मागता येते. मुलाने आपण होऊन बदलीच्या यादीत नाव टाकलं तर मात्र कॉलेजचे हात मोकळे. म्हणून त्याने ते स्वतःच टाकायला हवं होतं.

दुपारी डशॉन आला. माझ्याकडे बघितलं. नाव होतं. त्याचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

"पुढच्या वर्षी तुला फारसं खेळायला मिळणार नाही रे," हॅनरटी म्हणाले. "यादीत नाव टाकून बघ. कुठे जास्त खेळवत असतील तर तुझंच भलं आहे."

"पण सर, माझं शिकवायचं वर्ष आहे. आणि कुणीच घेतलं नाही तर?"

"तुझी पट्टी कुठे आहे?"

डशॉनने परत माझ्याकडे बघितलं. "तिथेच आहे, सर."

"मग?"

त्याने आईला फोन लावला. व्हर्लीनबाई बस उभी करून बोलत होत्या, आवाज खोलीभर ऐकू येत होता. "कोच काय म्हणतात?"

"यादीत नाव टाक म्हणतात, ममा."

"मग टाक की. ते काय तुझ्या वाइटाचं सांगणारेत? वाद घालू नकोस. आणि थँक यू म्हण."

त्याने तिथेच बसून फोनवरून अर्ज पाठवला आणि थँक यू म्हणाला. ओक्स खिडकीबाहेर बघत होते. दार लागलं आणि पट्टी खणात गेली. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी बघितलं, आणि मित्रांनो, तो केस मी होतो.

पाच आठवड्यांत एकाही चांगल्या कॉलेजाचा फोन आला नाही. डशॉन परत आला तेव्हा पट्टी लावून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. तो दारातच थांबला.

"माझं नाव इथे होतं, सर. मी बघितलं होतं."

"होतं," हॅनरटी म्हणाले. "पण यादीत तू स्वतः गेलास, बाळा. नियमाला मी काय करणार?"

दुसऱ्या दिवशी व्हर्लीनबाई आल्या, बसचा गणवेश तसाच अंगावर. हॅनरटी बाहेरगावी होते. त्या ओक्ससमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या घरी, माझ्या टेबलाशी बसून तळलेला मासा तीनदा वाढून घेतलात तुम्ही. आठवतं?"

"मॅडम, माझ्या हातात काही..."

"तुम्हाला नाही विचारत मी. तुमच्याकडून काही नको आता." त्यांचा आवाज खाली आला. "मीच सांगितलं त्याला. कोचचं ऐक म्हणून मीच सांगितलं. वीस वर्षं हेच शिकवलं पोराला, मोठ्यांचं ऐकावं, वाद घालू नये. आता घरी जाऊन काय शिकवू, सांगा."

ओक्सनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, पण त्या तशाच निघून गेल्या.

रीस एक हंगाम खेळला आणि पुढच्या एप्रिलला आणखी मोठ्या कॉलेजात निघून गेला, कुणालाही न विचारता. संघ पुन्हा हरला. हॅनरटींना काढलं, ओक्सनाही. डशॉन केरोजवळच्या पडूका शहरातल्या एका गोदामात खोकी उचलतो, असं कुणीसं बोलताना ऐकलं. डिग्री झालेली नाही. त्याच्या वर्गावर दुसरा मास्तर गेला. नव्या कोचने भिंतीवर मोठा पडदा लावला. त्यावर नावं बोटाने सरकतात, पट्टीचा खट् आवाजसुद्धा होत नाही. मला आणून ठेवलंय कपडे धुण्याच्या खोलीत. वाफेने माझा मुलामा सुटतोय, कडेला गंज चढलाय, आणि माझ्यावर एवढंच लिहिलेलं असतं: ओले टॉवेल इथे टाकू नयेत. मला पुसत जा, जपत जा, असं मी म्हणणार नाही. जपण्यासारखं माझ्याकडून काही झालं नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणीतरी मोठं होऊन अशा खोलीत बसेल. दिलेला शब्द पाळा, असं सांगायची माझी हिंमत आता उरलेली नाही. नावं काढली जातात, उद्याही काढली जातील. माझं मागणं त्याहून फार लहान आहे. कुणाचं नाव काढायचंच असेल तर आधी काढा आणि मग त्याला बोलवा. रिकामी जागा त्याला बघू द्या. तो रडेल, ओरडेल, खुर्ची लाथाडेल, आणि आईला फोन लावून खरं काय ते सांगेल. मग ती त्याला थँक यू म्हणायला सांगणार नाही.