मागणी आधी की पुरवठा

पन्नाशी गाठली तरी सरांना कुणाला मागणी घालता आली नव्हती, आणि वर्गात मात्र जन्मभर मागणीच शिकवत आले होते! विषय अर्थशास्त्रातल्या विचारांचा इतिहास. कुठला पंथ काय म्हणाला, दुसऱ्याने त्याला कसं खोडून काढलं, सगळं तोंडपाठ. स्वतःचं मत विचारलं की सरांची दातखीळ बसायची.

संख्याशास्त्राच्या बाईंचं टेबल त्यांच्या टेबलाला लागूनच होतं. बाई सरांना फार आवडायच्या. पण जुना पंथ सांगतो, मध्ये लुडबुड करू नका. पुरवठा असला की मागणी आपसूक निर्माण होते. त्याच भरवशावर सर रोज बाईंशेजारी बसून डबा खात राहिले. एवढा मोठा पंथ, तो काय खोटं सांगेल? अशी अक्कल गहाण टाकलेली.

आणि आज बाई कपाट रिकामं करत होत्या. दुसऱ्या शहरात त्या विभागप्रमुख होऊन चालल्या होत्या. सर खुर्चीवरून उठले. नव्या पंथाचं म्हणणं त्यांना एकदम पटलं: नुसतं बसून काही होत नाही, मंदी आली की कुणाला तरी पुढे व्हावंच लागतं.

"बाई, मला तुम्हाला मागणी..." म्हणाले आणि अडले.

"मागणी?" बाई वळल्या.

झालं! कुणी हा शब्द उच्चारला की सरांच्या तोंडून व्याख्याच बाहेर पडायची. "म्हणजे नुसती इच्छा नव्हे. इच्छा, ऐपत आणि तयारी, तिन्ही हवीत. आता याबाबत पंथांमध्ये मतभेद..."

अरे गाढवा, सरांनी स्वतःलाच मनात शिवी हासडली, तेल गेलं, तूप गेलं, बस आता धुपाटणं घेऊन!

"सर," बाई पुस्तकांचा गठ्ठा बांधता बांधता थांबल्या, "इतकी वर्षं रोज वाटायचं, आज बोलतील. रडूसुद्धा यायचं कधी कधी. सगळ्या जगाची मतं ऐकवलीत मला. तुमचं काय?"

"तुम्ही जाऊ नका," सर म्हणाले. आवाज चिरका निघाला.

"जाणार मी. मिळालेली खुर्ची सोडायला वेडी आहे का? तुम्ही येता?"

सरांची नोकरी इथे, घर इथे. तिकडच्या कॉलेजात त्यांचा विषयच शिकवत नव्हते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या सगळ्या पंथांनी हा सौदा एकमताने तोट्याचा ठरवला असता.

"येतो," सर म्हणाले.

बाईंनी डोळे पुसले आणि गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला. "मग हा उचला."