उघडे शिंपले

तिचा बाप गाळात गुडघाभर उभा राहून म्हणायचा,

"शिंपल्याला लाव बोट, मिटला तर खाडी जागी;
उघडाच राहिला गं, त्याचा जाब पाण्याला मागी."

त्याला जाऊन बावीस वर्षं झाली. आवाज मात्र तिच्या कानात अजून ओला होता. आज भर गर्दीत, ढोलाच्या दणक्यात तो असा अचानक उमटला, की तिनं दचकून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. पुढे सगळं गाव होतं.

"आले! आले!"

ओहोटीचं पाणी खाडीतून खाली सरकत होतं आणि त्याच्याबरोबर मासे काठाला येत होते. तोंडं पाण्याबाहेर काढून, आ वासून, एकमेकांवर चढत. हाताएवढे मोठे, बोटाएवढी पिल्लं, सगळे. उपड्या होडीवर बसून भरतीबाबानं पाय पाण्यात सोडले होते. मासे त्या पायांशी येऊन धडपडत होते.

"बघा, लेकरं पायाशी आली!" बाबानं हात पसरले. "जाळं नाही, गळ नाही. नुसतं नाम! आणि ते शिंपले बघा. तेसुद्धा मुखं उघडून माझ्याबरोबर नाम घेतायत!"

गाळात खरंच हजारो शिंपले आ वासून पडले होते. म्हाताऱ्या बायका त्यांना हात जोडत होत्या. याच बायकांनी जन्मभर शिंपले खणले होते. उघडा शिंपला बोट लावल्यावर मिटला नाही तर तो टोपलीत घ्यायचा नाही, हे त्या झोपेतही चुकल्या नसत्या. आज एकीचंही बोट पुढे झालं नाही. देवाला बोट कोण लावणार?

दोन्ही काठांवर धुपाचे ढीग पेटवले होते. धूर इतका, की नाकाला दुसरं काही कळू नये.

तिच्या नाकाला कळत होतं. रोज सकाळी ती दवाखान्याच्या फरश्या ब्लीचिंग पावडरनं धुवायची. आपल्या माणसाचा खोकला जसा गर्दीतही ओळखू येतो, तसा तो वास तिला धुपाआडून ओळखू येत होता. आणि खोकणारं माणूसही तिचंच होतं. होडीच्या कडेला उभा असलेला तिचा धाकटा भाऊ.

आईबापामागे याच गाळातले शिंपले विकून तिनं त्याला वाढवला होता. पुढे त्याची होडी बुडाली. गाव त्याला 'बुडव्या' म्हणू लागलं, पोरंसुद्धा. मग बाबानं त्याला जवळ केलं. काम एवढंच, की दर रविवारी ओहोटी लागता लागता खाडीच्या वरच्या अंगाला जायचं आणि 'तीर्थचूर्णा'ची पोती पाण्यात बांधून यायची. आता गाव त्याला 'सेवक' म्हणून वाट सोडायचं. त्याची निळी पँट धुवायला यायची तेव्हा तिच्यावर गुडघ्यापर्यंत पांढरे डाग असायचे. ती डाग बघायची, पँट पिळायची, दोरीवर टाकायची. बोलायची नाही. बोललं की तो पुन्हा बुडव्या.

"आज मोठी आज्ञा!" बाबा गरजला. "समुद्राची आई या कांदळवनात अडकलीय. मुळ्यांनी तिचे पाय बांधलेत. तोडा! वाट मोकळी करा!"

कोयते वर झाले. बाबाच्या डोक्यावर छत्री धरून कोळंबीच्या तळ्यांचा मालक उभा होता, तो गालात हसला. कांदळवन हटलं की तिथं त्याची तळी.

"थांबा!"

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई चिखलातून येत होत्या. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातानं ओढत आणलेलं ठिबकतं पोतं.

"बाई, पोरं तर तुमचं ऐकत नाहीत, मासे ऐकतात का बघा!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

बाई होडीपाशी येऊन थांबल्या. "बाबा, तुमचं नाव भरती, मग चमत्कार दर वेळी ओहोटीलाच कसा? एकदा भरतीला करून दाखवा की."

"समुद्र येताना रागात असतो, बाई. जाताना नम्र होतो."

"येताना तो पावडर उलटी वर ढकलतो, असं सांगा ना."

त्यांनी बादली खाली ठेवली. पोतं जिथं बांधलं होतं, त्याच्याही वरच्या अंगाचं पाणी होतं ते. त्यात चार पिल्लं चपळ पोहत होती. काठावरची दुसरी बादली त्यांनी बाबाच्या पायाशी बुडवून भरली आणि दोन पिल्लं ओंजळीनं तिच्यात सोडली. पिल्लं गरगर फिरली. वर आली. तोंडं बाहेर काढून आ वासू लागली.

"नाम घेतायत," बाई म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. पिल्लं आडवी झाली.

बाईंनी आपल्या लाल ओढणीचं टोक पोत्यात चोळलं. लाल रंग गावाच्या डोळ्यांदेखत फिका पडत गेला. "ही गटारात टाकायची पावडर. माशाचे कल्ले जाळते. जीव गुदमरला की तो वर येतो, काठाला येतो. पायांसाठी नाही, हवेसाठी. शिंपला मेला की त्याची पकड सुटते आणि तोंड उघडतं. या कांदळवनाच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात. पाच रविवार तुम्ही पुढच्या कितीतरी हंगामांचे मासे मारून टोपल्या भरल्यात. आता त्यांचं घरही तोडणार?"

एक म्हातारी वाकली. शिंपल्याला बोट लावलं. मिटला नाही. दुसऱ्याला लावलं. तिसऱ्याला. मग ती दोन्ही हातांनी गाळ उकरू लागली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं ढोल थांबला.

बाबा ताडकन उठला. "यानं! या सेवकानं माझ्या तीर्थात विष कालवलं!"

भाऊ खोकत पुढे आला. "बाबा, तुम्हीच दिलंत ना? चूर्ण म्हणून? मी आधी कपाळाला लावून मगच..." त्याच्या कपाळाची कातडी सोलवटून निघाली होती. कालपर्यंत गाव त्या सोललेल्या कपाळाला कृपेची खूण म्हणत होतं.

काल त्याच्या पाया पडलेलेच आधी धावले. कोयत्यांचे दांडे, वल्ही, लाथा. तेवढ्यात छत्रीवाल्याची गाडी बाबाला घेऊन निघूनही गेली.

"गेला तो, आणि मारताय कोणाला?" बाई मध्ये पडल्या. "अरे, बोट होतं ना प्रत्येकाकडे! लावून बघायला कोणाची परवानगी हवी होती? यापुढे कोणी कितीही मोठं सांगो, माझ्यासकट, आधी स्वतः तपासा. मग मान लववायची की नाही ते ठरवा."

हात थांबले. वर उचललेले खाली मात्र आले नाहीत.

ती गाळात भावाशेजारी बसली. त्याचा एक डोळा मिटला होता. दुसऱ्या डोळ्यानं त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं गं. तू सांग यांना. तुझं तरी ऐकतील."

गाव ऐकायला वाकलं. तिनं जवळच्या उघड्या शिंपल्याला बोट लावलं आणि तो मिटायची उगाच वाट पाहिली.

"त्याला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला होतं. वास मला पहिल्याच रविवारी आला होता."