शिंपले मोजणारी चौकट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. मला दार नाही, खिडकी नाही, आत कुणाचा फोटोही नाही. हातभर लांबीच्या चार पट्ट्या, कोपऱ्यांना पितळी स्क्रू आणि मध्ये आडवेउभे ताणलेले दोरे, एवढाच माझा संसार. तरी एका खाडीचे भवितव्य माझ्या पोटात मोजले गेले, म्हणून ही हकिगत सांगावीशी वाटते.

होड्या बांधणाऱ्या एका सुताराने मला उरलेल्या फळीतून घडवले. माझी मापे घेऊन मत्स्य कार्यालयातली अभ्यासक बाई आली, तेव्हा त्याने तिला विचारले होते, की आत फोटो कुणाचा लावणार? बाई म्हणाली, शिंपल्यांचा. सुताराने मान हलवली आणि रंधा हातात घेतला. शिकलेल्या माणसांशी वाद घालू नये, असे त्याचे मत होते.

त्या वेळी खाडीत भांडण पेटले होते. ओहोटीला जो चिखल उघडा पडतो, त्यातून दाताळ्याने शिंपले उकरणे हा तिथल्या चाळीसेक बायकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पण शिंपले कमी होत चालले होते. कार्यालयाचे म्हणणे, बायका ओरबाडून नेतात, तेव्हा सगळी खाडी तीन वर्षे बंद करावी. बायकांचे म्हणणे, होडीवाले नांगर टाकून चिखल खरवडतात आणि साहेब खुर्चीत बसून आमच्याकडे बोट दाखवतात. होडीवाले तर दोघांकडेही बोट दाखवत. शेवटी बाईने तोडगा काढला. दोन्ही बाजूंनी मिळून मोजायचे आणि जो आकडा येईल तो सगळ्यांनी मान्य करायचा. त्यासाठी माझा जन्म झाला.

बायकांच्या वतीने मोजायला दोघी पुढे आल्या. त्या एकमेकींच्या जावा. सगळी खाडी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखत असे. वीस वर्षे त्या एकाच टोपलीत शिंपले टाकत आणि घरी जाऊन वाटून घेत. थोरली कमी बोलायची. धाकटी दोघींच्या वाटचे बोलायची.

पहिल्याच दिवशी बाई गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली. थोरलीने तिला वर ओढले आणि टाच न टेकता, पाऊल पसरून कसे चालायचे ते शिकवले. बाईने तिला शिंपल्यावरच्या रेघांवरून त्याचे वय कसे ओळखायचे ते दाखवले. थोरली बराच वेळ तो शिंपला हातात फिरवत राहिली. मग तिने सुताराकडून माझ्या एका पट्टीवर दोन बोटांची खाच पाडून घेतली. त्या खाचेत जो मावेल तो पिल्लू. त्याने अजून एकदाही अंडी टाकलेली नाहीत, असे समजायचे.

मला डोळे मिटून खांद्यावरून मागे फेकत. मी पडेन तिथले शिंपले मोजायचे, म्हणजे जागा निवडल्याचा आळ कुणावर येत नाही. दिवसातून चाळीस वेळा मी अशी आपटत असे. अंग ठेचून निघाले, पण मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. कामच तसे होते.

होड्यांच्या धक्क्याजवळ माझ्या पोटात पाच-सहाच शिंपले निघाले. धाकटी खूश झाली. खडकांमागे कुणी फिरकत नाही, तिथे साठ निघाले. मग आम्ही ओढ्याच्या तोंडाशी गेलो. ही बायकांची रोजची जागा. तिथे निघाले अकरा, आणि त्यांतले नऊ खाचेत मावले. पुन्हा फेकले, तेव्हा आठ निघाले. बाई थोडी दूर, पाण्यात हात धूत होती. धाकटी हळूच म्हणाली, “जाऊबाई, चौकट जरा चार पावलं पलीकडे ठेवू या. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय ना,” थोरली म्हणाली आणि तिने बाईला आठ हाच आकडा लिहायला सांगितला.

त्या दिवशी घरी जाताना धाकटीने आपले शिंपले पदरात घेतले. दुसऱ्या दिवसापासून तिची टोपली वेगळी झाली.

बैठक जाळी विणायच्या शेडमध्ये भरली. साहेब, होडीवाले, बायका, सगळे होते. थोरलीने मला टेबलावर ठेवले आणि खाली न बसता बोलली. नांगरांनी चिखल खरवडला हे खरे, पण आमच्याच हातांनी पिल्ले उचलली हेही खरे, असे तिने सांगितले. मागच्या बाकावर बायकांची कुजबुज सुरू झाली. धाकटी भिंतीकडे पाहत होती. साहेबांना वाटले, आता काम सोपे झाले. ते कागद पुढे ओढू लागले, तेव्हा थोरली म्हणाली, “पण सगळी खाडी बंद केलीत तर राखणार कोण? तुमचा शिपाई पाच वाजता घरी जातो. आम्ही रोज चिखलात असतो. आम्हाला हाकललंत, तर बघायलाही कुणी उरणार नाही.”

शेडमध्ये कुणीतरी हसले. शिपाईसुद्धा हसला.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी कागद बाजूला सारला. दिवेलागणीपर्यंत घासाघीस चालली. खाडीचे तीन भाग करायचे, दरवर्षी एक भाग मोकळा सोडायचा. पहिली पाळी ओढ्याच्या तोंडाची. त्या भागात होडीवाल्यांनी नांगर टाकायचा नाही, बायकांनी दाताळे घालायचे नाही. पिल्लू कुठेही सापडले तरी परत चिखलात रोवायचे. जो मोडेल त्याला महिनाभर खाडीबंदी, मग तो कुणीही असो. साहेबांनी एका वर्षाची मुदत दिली. तेवढ्यात फरक दिसला नाही, तर पूर्ण बंदी.

चार महिन्यांनी, एका भल्या सकाळी, बंद भागात दाताळे घेऊन वाकलेली कुणीतरी थोरलीला दिसली. ती धाकटी होती. तिची टोपली अर्धी भरली होती. मी त्या वेळी थोरलीच्या खांद्याला अडकवलेली होते, म्हणून मी हे पाहिले. थोरलीने टोपली घेतली आणि दोघींनी सगळे शिंपले पुन्हा चिखलात रोवले. त्याच संध्याकाळी थोरलीने शेडमध्ये सगळ्यांना बोलावून ते स्वतःहून सांगितले. धाकटीला महिनाभर खाडीबंदी झाली.

भावकीत तोंडाला येईल ते बोलले गेले. सख्ख्या जावेला चव्हाट्यावर आणले म्हणून थोरलीच्या नवऱ्यानेही अबोला धरला. थोरली मात्र तो महिनाभर रोज घरी जाताना धाकटीच्या उंबऱ्यावर थांबायची, आपल्या टोपलीतला निम्मा माल तिथे ओतायची आणि चालू पडायची. पहिले चार दिवस तो ढीग संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहिला. पाचव्या दिवशी थोरली पोहोचण्याआधी उंबऱ्यावर एक धुतलेले पातेले ठेवलेले होते.

वर्ष भरले. मोजणीच्या दिवशी धाकटी न बोलावता आली, माझ्याकडे हात पुढे केला आणि डोळे मिटून तिनेच मला फेकले. ओढ्याच्या तोंडाशी माझ्या पोटात एकोणचाळीस शिंपले निघाले. त्यांतली तीस पिल्ले होती. म्हणजे आज खाण्याजोगे फारसे नाही, पण उद्याची बेगमी आहे. बाईने पुन्हा मोजले. साहेबांनी पँट दुमडून तिसऱ्यांदा मोजले. आकडा तोच आला आणि खाडी बायकांकडे राहिली.

परतताना धाकटीने विचारले, “त्या दिवशी मी चौकट सरकवली असती तर?”

“तर आजपर्यंत सरकवतच बसली असतीस,” थोरली म्हणाली. चिखलातून दोघी एकाच टोपलीची एकेक कडी धरून गेल्या.

पुढे दहा-बारा वर्षे मी राबले. दुसऱ्या खाड्यांची माणसे मला पाहायला येत, हातात धरून फोटो काढत. मग साहेबांची बदली झाली, बाई दुसऱ्या किनाऱ्यावर गेली. थोरलीचे गुडघे गेले आणि दोन वर्षांनी तीही गेली. आता मी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असते. दोरे कुजले, स्क्रू हिरवे पडले, माझ्यावर कुणीतरी ओला रेनकोट वाळत घालते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या वस्तूंचे असेच होते.

तक्रार दुसरी आहे. गेली दोन वर्षे मोजणी झालेली नाही. शिंपले भरपूर आहेत, मोजायचे कशाला, असे नवे साहेब म्हणाले आणि बायकांनाही ते पटले. मित्रांनो, भरपूर असते तेव्हाच कुणी मोजत नाही, आणि कमी पडले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मला दुरुस्त केले नाही तरी चालेल. ॲल्युमिनियमची नवी चौकट आणा, ती हलकी असते. पण कार्यालयाचा एक माणूस आणि चिखलातली एक बाई, दोघांनी मिळून ती उचला. यंदा त्या खाडीत किती शिंपले आहेत, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. उद्या सकाळी दहाला ओहोटी आहे.