बर्फाला कान नसतात

वलगावच्या सूर्यभानजींनी चौसष्ट वर्षांत कोणाची मनधरणी केली नव्हती. पुढाऱ्याची नाही, तलाठ्याची नाही, अडून बसलेल्या बैलाची तर नाहीच नाही. पण सात वर्षांच्या एका पोरीनं फोनवर चार वाक्यं बोलून त्यांना पार कामाला लावलं.

पोरगी म्हणजे त्यांची नात, जुईली. मुलगा किशोर आणि सून प्रणाली म्युनिकला नोकरीला, आणि जुईलीचा जन्मही तिकडचाच. फेब्रुवारीत तिच्या शाळेला आठवडाभर सुट्टी असते. त्या सुट्टीत सगळ्यांनी आल्प्सच्या डोंगरात जायचं, स्की शिकायची, आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनीही यायचं असं ठरलं. जुईलीनं फोनवर जाहीर केलं, "शेवटच्या दिवशी जोडीची शर्यत असते. एक मूल आणि एक मोठं माणूस. मी एकाच आजोबाला घेणार. ज्याला चांगलं येईल त्याला."

दुसरे आजोबा म्हणजे अकोल्याचे वामनराव, प्रणालीचे वडील. निवृत्त वकील. बायको गेल्यापासून एकटे, त्यामुळे वेळच वेळ. रोज संध्याकाळी ते फोनवर नातीशी बुद्धिबळ खेळत. आणि सूर्यभानजी? ते रविवारी फोन हातात घेत, "जेवली का?" विचारत, मग "अभ्यास करते का?" विचारत, आणि तिसरा प्रश्न सुचला नाही की फोन फिरवून तिला बैल दाखवत. बैल तरी किती वेळ पाहील ती! सात वर्षांत नात चारदा काय ती जवळ आली. आपण मेल्यावर हिला आपला चेहरा आठवेल की बैलाचा, हा विचार सूर्यभानजींना आतून खात होता. म्हणून ती जोडी त्यांना पाहिजे होती. काय वाट्टेल ते करून पाहिजे होती.

आता वऱ्हाडात बर्फ म्हणजे रसवंतीवाला पोत्यात गुंडाळून ठेवतो तो. त्यावर स्की काय शिकणार? सूर्यभानजींनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ते नत्थुजींच्या जिनिंगवर जाऊन उभे राहिले. कापसातून काढलेल्या सरकीचा तिथे पंधरा फुटांचा ढीग होता. पांढरट, उतरता, आणि पडलं तर हाड न मोडणारा.

"नत्थुजी, मले तुमचा ढीग पाह्यजे. रोज सकायी एक घंटा."

"ढेपीसाठी?"

"नाई. घसरासाठी."

नत्थुजींनी आपल्या मित्राकडे नीट पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि हो म्हणाले. मग सूर्यभानजींनी सुताराकडून दोन फळ्या रंधून घेतल्या, त्यावर जुन्या बुटांची जोडी खिळ्यांनी ठोकली आणि हातात बैल हाकायच्या दोन काठ्या घेतल्या. पहिल्या दिवशी चार हमाल बघायला होते. चौथ्या दिवशी गावातले निम्मे लोक होते आणि एक भजीवाला गाडी लावून उभा होता. सूर्यभानजी ढिगाच्या टोकावरून निघत, पाचसहा फूट येत आणि गुडघ्यापर्यंत सरकीत रुतून आपोआप थांबत. कानात सरकी, मिशीत सरकी. टाळ्या पडत. थांबायचं कसं हे शिकायची गरजच पडली नाही, कारण सरकीच थांबवत होती. पुढचा सगळा घोटाळा इथेच शिजला.

बायको गोदाबाई रोज त्यांचं स्वेटर झटकून झटकून वैतागली. "अवो, सोंग तं लय आणून राहिले, पण तठीसा बर्फ काय नत्थुजीच्या घरचा हाय?"

"तुले नाई समजत. घसरणं म्हंजे घसरणं."

तिकडे अकोल्यात वामनरावांनी वेगळाच मार्ग धरला होता. त्यांनी वही केली. वजन कुठे टाकायचं, गुडघा किती वाकवायचा, सगळं मुद्देसूद. ते म्हणे भाजीवाल्याशी बोलतानाही गुडघे वाकवून उभे राहत. भाजीवाल्यानं शेवटी त्यांना बसायला स्टूल दिलं.

अशी ही मंडळी विमानात बसून आल्प्सला पोचली. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही. जवळून पाहताना सूर्यभानजींना टोपी हातानं धरून मान वर करावी लागली. हा ढीग पंधरा फुटांचा नव्हता. तरी मुलांची आणि नवख्यांची जागा पायथ्याशी होती, उतार बेताचा होता, आणि वीसेक वर्षांची एक मास्तरीण सगळ्यांना शिकवत होती. ती काय सांगते ते जुईली मराठीत करून सांगे.

"आबा, पुढची टोकं जवळ आणायची, मागून पाय फाकवायचे. समोसा करायचा. समोसा केला की थांबतं."

"एवढंच? हे तं काईच नाई," असं म्हणून सूर्यभानजी निघाले.

निघाले ते निघालेच. बर्फात सरकीचा गुण नव्हता. वेग वाढला, वारा कानात शिरला, समोसा डोक्यातून पार उडाला आणि पन्नास वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. "होऽ! होऽऽ! हो म्हन्लं नं बे!"

वलगावात या आवाजावर उधळलेला गोऱ्हासुद्धा जागच्या जागी थांबला असता. फळ्या थांबल्या नाहीत. सूर्यभानजी मास्तरणीजवळून गेले, पोरांच्या रांगेतून गेले, आणि उपाहारगृहाबाहेर एक म्हातारं जोडपं सूप पीत बसलं होतं त्यांच्या बाकावर जाऊन बरोबर मधोमध बसले.

"राम राम," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

म्हातारीनं घाबरून आपला पाव त्यांच्यापुढे केला.

जुईली घसरत आली, अगदी अलगद समोसा करून थांबली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबा, बर्फाला कान नसतात!"

मंगळवारी तेच झालं. बुधवारीही तेच. घरून निघताना ते समोसा, समोसा असा जप करत निघत आणि उतार लागला की तोंडातून "होऽ" बाहेर पडे. बुधवारपर्यंत वर्गातली सगळी गोरी पोरं थांबताना "होऽ होऽऽ" ओरडायला लागली होती. त्यांच्या फळ्या थांबत, हा त्यातला खरा अपमान. आणि वामनराव? पहिल्या दिवशी ते तीनदा पडले, दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी गुडघे वाकवून, ओठ आवळून, फिर्याद वाचून दाखवावी तसे सावकाश खाली उतरले. वही कामाला आली होती.

गुरुवारी संध्याकाळी गोदाबाईनं भाड्याच्या घरात पिठलं-भाकर केली. सगळे जेवायला बसले तेव्हा जुईलीनं निकाल दिला. "आबा, मी आजोबांना घेते. तुम्ही थांबतच नाही."

"बरोबर हाय बेटा," सूर्यभानजी म्हणाले. पण हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. वामनरावांनी फक्त मिशीवरून बोट फिरवलं, आणि ते बोट सूर्यभानजींना भाल्यासारखं टोचलं.

खोलीत गेल्यावर गोदाबाईनं विचारलं, "अवो, रडून राहिले का?"

"थंडीनं डोये वाहून राहिले."

"घरात हीटर लावेल हाय."

"मंग हीटरनं," सूर्यभानजी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

शुक्रवारी सकाळी शर्यत. ती सुरू व्हायची छोट्या टेकडीच्या माथ्यावरून, आणि तिथे जायला ओढलिफ्ट होती. वर तार फिरत असते, तिला दांडे लोंबकळतात. दोघांनी शेजारी उभं राहायचं, आडवा दांडा मागे अडकवायचा आणि पायातल्या फळ्यांसकट वर ओढलं जायचं. किशोर वामनरावांना घेऊन वर गेला. एकदा दोघे गडगडले, दुसऱ्यांदा पोचले. मग वाटेवर उभं राहून फोटो काढायला म्हणून किशोर थोडा खाली उतरला. प्रणाली आणि गोदाबाई शेवटच्या रेषेपाशी थांबल्या होत्या. खाली लिफ्टपाशी राहिली जुईली, आणि तिचा पाठीराखा म्हणून, म्हणजे कोणत्याच कामाचे नाहीत म्हणून, आबा.

जुईली हलेना.

"काय झालं बेटा?"

"पोट दुखतं."

"खरं सांग."

पोरीनं हातमोज्यानं डोळे पुसले. "ती लिफ्ट मला पाडते, आबा. बुधवारी तीनदा पडले. सगळे हसले. मी कोणालाच नाही सांगितलं."

सूर्यभानजींच्या मनात पाप आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पोरगी वर गेलीच नाही तर इवाईबुवा, म्हणजे व्याही वामनराव, बसतील माथ्यावर गुडघे वाकवून, शर्यत बुडेल, आणि फिटंफाट होईल. एवढा विचार त्यांनी पूर्ण केला. मग जुईलीनं नाक ओढलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी लिफ्टकडे पाहिलं. एक जोडी पडली, दुसरीही पडली. जो तो दांड्यावर टेकून बसायला जात होता आणि बसला की आडवा होत होता. सूर्यभानजी पाहत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा शहाणपण आलं.

"अवो पोट्टे, हा तं वखर हाय!"

वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, जमिनीत खोल बसावी म्हणून माणूस त्यावर उभा राहतो आणि बैल ओढतात. ढेकळं येतात, खड्डे येतात, वखर उडतो, माणूस पडत नाही. हे काम सूर्यभानजींनी वयाच्या बाराव्या वर्षापासून केलं होतं. यासाठी त्यांना वही लागत नव्हती.

"चाल माह्यासंगं. बसाचं नाई. बसलं का पडलं. जरासं मांगं रेलाचं, गुडघे ढिले सोडाचे, अन् त्याले ओढू द्याचं. बैल हाय तो. त्याचं काम तो करते, आपून फक्त उभं राहाचं."

दांडा आला. झटका बसला. जुईलीनं डोळे मिटून आबांचं जाकीट मुठीत धरलं. सूर्यभानजी बर्फावर असे उभे होते, जसे स्वतःच्या काळ्या रानात. मध्ये एक उंचवटा आला तेव्हा "हलू दे, हलू दे," म्हणाले. अर्ध्या वाटेवर पोरीनं एक डोळा उघडला, मग दुसरा. किशोर वाटेत कॅमेरा धरून उभा होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं.

माथ्यावर पोचले. "आबा, आपण पडलोच नाही!" जुईली ओरडली, तिनं त्यांच्या पोटाला मिठी मारली, आणि पुढच्याच क्षणाला वामनरावांकडे घसरत गेली. वामनरावांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, दोघांनी समोसा केला आणि शिटी वाजताच निघून गेले. गरज सरो, वैद्य मरो.

सूर्यभानजी एकटे उभे. जुईलीचं लाल जाकीट लहान लहान होत गेलं. खालून भोंग्यावर वेळ पुकारली, एक मिनिट बारा सेकंद, आणि टाळ्यांचा आवाज वरपर्यंत आला. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, आपण वर आलो खरे, पण खाली जायचं कसं? त्यांनी लिफ्टवाल्याला खुणेनं विचारलं, याच दांड्यावरून खाली जाता येतं का. त्यानं गालात हसून मान हलवली. नाही. सूर्यभानजी बर्फात फतकल मारून बसले. वाईट वाटत होतं, आणि आपल्याला वाईट वाटावं याचाही राग येत होता. पोरीचं काम झालं होतं. मग आता काय पाहिजे म्हाताऱ्या तुला?

थोड्या वेळानं लिफ्टवर लाल काहीतरी दिसलं. दांड्याला एकच छोटं माणूस लागलेलं, जरासं मागे रेललेलं, गुडघे ढिले. जुईली. एकटी. गळ्यात पदक.

"आबा, मी बसले नाही! एकदाही नाही बसले!" ती धापा टाकत म्हणाली. "बाबा येत होते तुम्हाला घ्यायला, मी म्हटलं मीच जाते. चला आता. माझ्या मागे या. आणि ओरडायचं नाही."

मग ते दोघं निघाले. सूर्यभानजी पडले, उठले, पडले. एकदा काठी सुटली म्हणून दोघं ती शोधत बसले. एकदा त्यांचा समोसा फारच जमला आणि ते जागचे हलेचनात, तर जुईली हसून हसून आडवी झाली. एका ठिकाणी दोघं नुसतेच बसले. तिनं विचारलं वखर म्हणजे काय, आणि सूर्यभानजींनी काठीनं बर्फावर वखर काढला, बैल काढले, बारा वर्षांचे स्वतःही काढले. तिनं प्रश्नावर प्रश्न विचारले. "जेवली का" हे विचारायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही.

खाली पोचले तेव्हा शर्यतीची निशाणं काढून झाली होती, भोंगा बंद होता आणि लोक पांगले होते. गोदाबाईनं एकटीनं टाळ्या वाजवल्या. वामनराव गळ्यात पदक घालून उभे होते.

"काय हो सूर्यभानजी, किती वेळ लावलात! घड्याळ लावलं होतं मी. पन्नास मिनिटं!"

सूर्यभानजींनी मिशीवरचा बर्फ झटकला. जुईलीचा हात अजून त्यांच्या हातात होता.

"हाव. पन्नास मिनिटं नातीसंगं. तुमाले किती भेटले, इवाईबुवा?"

वामनरावांनी घड्याळावर बाही ओढली. मग गळ्यातलं पदक काढून खिशात घातलं आणि जरा जवळ सरकून हळूच विचारलं, "ती लिफ्ट उद्या सकाळी किती वाजता सुरू होते हो?"