सातवं घर

"ता मांजर माझा न्हय," असं जाईबाई कोणालाही सांगायची. विचारलं नसलं तरी सांगायची.

आणि ते खरंच होतं. लालबागच्या आमच्या मुकादम चाळीत मांजर कोणी पाळत नसे, मांजरंच आपापली माणसं ठरवून घेत. जाईबाई माझ्या शेजारच्या खोलीतली. ती गॅलरीत विळी मांडून बांगडे कापायला बसली की एक करड्या पट्ट्यांची मांजरी हातभर अंतर ठेवून समोर बसायची. त्याहून पुढे नाही, मागे नाही. मुंडकी, कल्ले, शेपट्या असं जे जाईबाईच्या खर्ची पडायचं ते मांजरीकडे जमा व्हायचं. जाईबाई तिच्याकडे बघायचीही नाही. फक्त एखाद्या दिवशी मांजरीला उशीर झाला, तर मान वर न करता म्हणायची, "इलंस? खंय मराक गेल्लंस?"

जाईबाईची सून सीमा शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. तिने एकदा गॅलरीतच धडा घेतला.

"आई, ह्याला सहभोजिता म्हणतात. म्हैस चरायला लागली की गवतातले किडे उडतात आणि मागून फिरणारा बगळा ते खातो. बगळ्याचा फायदा. म्हशीला ना फायदा, ना तोटा."

"म्हंजे म्हस कोण? मी?"

जाईबाईचा दीर लवू गॅलरीतल्या त्याच्या खाटेवर पडला होता. गिरणी बंद पडली तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून तो भावाकडे आला. भाऊ गेला, खाट राहिली. तो म्हणाला, "मग मी कोण गो, सीमा?"

"काका, तुमचा धडा पुढचा. तो सहामाहीनंतर घेतात."

पुढचा धडा परजीवींचा असतो हे लवूला कोणीतरी नंतर सांगितलं. तो दोन दिवस रुसला. जेवायला मात्र वेळेवर आला.

हा धडा चाळीला फार आवडला. जो तो दुसऱ्याच्या पाठीवरचे बगळे मोजू लागला. माझा पेपर माझ्याआधी समोरची बकुळा वाचायची. त्यात माझा तोटा काही नव्हता, फक्त शब्दकोडं सुटलेलं यायचं.

मग चाळ पाडायची ठरली आणि आम्हाला मिळायच्या शेजारच्या नव्या टॉवरच्या चाव्या आल्या. ज्याने खोली रिकामी केली त्याचं दार-चौकट ठेकेदाराची माणसं त्याच दिवशी काढून न्यायची, म्हणजे मागाहून कोणी घुसायला नको. सगळी चाळ बोचकी बांधत होती, आणि मांजरीने नेमका हाच मुहूर्त धरला. जाईबाईच्या पोटमाळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात, ती व्याली. तीन पिल्लं.

सीमाने लगेच सोय केली. तिच्या शाळेतली मेघना अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत तळमजल्यावर राहते. मागे अंगण आहे, आणि तिला मांजरं चालतात. टोपली घ्यायची, आईसकट पिल्लं उचलायची, टॅक्सी करायची. संपलं.

"हात लावशात तर बघा!" जाईबाई शिडीच्या पायथ्याशी उभी राहिली. "सात घरां फिरल्याशिवाय पिलांका हात लावूचो नाय. आवस टाकता त्यांका."

"आई, असं काही नसतं हो."

"तुझ्या पुस्तकात नसात. तुका माझी शपथ आसा."

चाळीत एकानेही सीमाची बाजू घेतली नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते आणि त्याआधी माणसाचा हात लागला तर आईच त्यांना टाकते, हे आमच्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही. मीही म्हणालो, "फिरू दे की. घाई काय आहे?"

आणि ती फिरलीही. जाईबाईकडे ट्रंका सरकवायला लागले, तशी मानेला धरून एकेक पिल्लू तिने माझ्याकडे आणलं आणि माझ्या लग्नाच्या सुटाच्या बॅगेत ठेवलं. तो सूट मला होत नाही, तेव्हा तक्रार नव्हती. माझं कपाट हललं, तशी ती बकुळाच्या माळ्यावर गेली. बकुळाची चौकट निघाली, तशी आणखी पलीकडे. प्रत्येक वेळी जाईबाई गॅलरीतून ओरडून सांगायची, "चार झाली गो!" आणि खालून कोणीतरी विचारायचं, "पाचवं कोणाकडे?" चाळ रिकामी होत होती, पण इतकी मजा तिथे गणपती सोडून कधी आली नव्हती.

आम्ही टॉवरमध्ये गेलो तेव्हा मांजरी सहाव्या घरात होती, दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत. लवूही टॉवरमध्ये आला. तिथे गॅलरी नव्हती, म्हणून हॉलमध्ये टीव्हीखाली झोपू लागला. त्याला 'वैनी' म्हणता येत होतं. मांजरीला तेवढं येत नव्हतं.

जाईबाई रोज डब्यातून मुंडकी घेऊन खाली उतरायची, रिकाम्या चाळीभोवती ठोकलेल्या पत्र्याच्या फटीतून आत शिरून जिना चढायची, हातभर अंतरावर डबा ठेवून यायची. परत आली की सीमा बघायची, आणि जाईबाई मान हलवायची. अजून सहावंच.

शेवटी सीमा म्हणाली, "आई, ती सात मोजत नाही हो. माणसांची ये-जा झाली, खुडबुड झाली, की जागा बदलते. आता चाळीत आहे कोण? ती हलणार कशाला?"

जाईबाई मासे धुता धुता थांबली. "म्हणजे आमका भियान फिरत होता ता?"

सीमाने मान डोलावली.

"माझ्या घरातसून पण?"

नळ बंद करून जाईबाई म्हणाली, "तुझ्या त्या मेघनाक फोन कर. शपथ सुटली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं टोपली घेऊन गेलो. जाईबाई, सीमा, लवू आणि मी. पत्र्याच्या आत वॉचमन हात आडवा करून उभा होता.

"आजी, आता वर नाही जायचं. जिना काल संध्याकाळी पाडला."

चाळीच्या मधोमध उभं भगदाड होतं. जिना होता तिथे आकाश दिसत होतं. टोकाला मजूर घण घालत होते, आणि त्या आवाजाने मांजरी निघाली होती. दुसऱ्या मजल्यावर, गॅलरी जिथे तुटली होती त्या काठावर, तोंडात पिल्लू धरून ती उभी होती.

"सातव्या घराक निघाली," जाईबाई म्हणाली.

मांजरी काठाकडून मागे गेली, पुन्हा काठाशी आली, खाली बघून पुन्हा मागे गेली. लवूने डबा उघडून खाली ठेवला आणि "ये गो, ये, ये" करू लागला. मांजरीने डब्याकडे बघितलं, जाईबाईकडे बघितलं. तोंडातलं पिल्लू सोडलं नाही.

लवू शिडी शोधायला पळाला. मजुरांचा मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने घण थांबवले, पण शिडी लावू दिली नाही. "काका, स्लॅब बघा. मांजर राहील बाजूला, तुम्हीच खाली याल." सीमाने प्राणी सोडवणाऱ्या संस्थेला फोन लावला. निघतोय म्हणाले. पुन्हा लावला. निघालोय म्हणाले. मुकादमाने जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला. त्याच्यावरही कोणी होतंच, आणि त्या कोणाचा फोन आला. मग मशीन सुरू झालं आणि आम्हाला पत्र्याबाहेर काढलं.

बाहेरून दिसत काही नव्हतं. आवाज येत होता, आणि मग धूळ आली. जाईबाईने रिकाम्या टोपलीवर पदर धरला, आत काही असल्यासारखा.

मांजरी निसटली असेल, असं टॉवरमध्ये सगळे म्हणाले. मांजर कुठूनही निसटतं. पिल्लांचं कोणी काही बोललं नाही.

आता जाईबाई बाराव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या लादीवर पेपर पसरून बांगडे कापते. मुंडकी उचलून हातभर अंतरावर ठेवते आणि पुढचा मासा घेते. सीमा ती उचलत नाही. शेवटी लवू उठतो, मुंडकी डब्यात भरतो, लिफ्टने खाली जातो आणि थोड्या वेळाने परत येतो.

"खाल्लान?" जाईबाई मान वर न करता विचारते.

"खाल्लान, वैनी."

"कोणी?"

"आसा एक."

माझी खिडकी खालच्या आवाराकडे आहे. लवू मागच्या कंपाउंडपर्यंत जातो, पत्र्याला टेकून थोडा वेळ उभा राहतो, मग सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या पिंपात डबा उलटा करतो. जाईबाईच्या हॉललाही त्याच बाजूची खिडकी आहे. तो खाली गेला की ती तिथे येत नाही.